खराडीप्रांतीं सातव्या सवालाची मोहीम

शके एकोणीसशे चाळीसच्या सुमारास, पुणे शहराच्या पूर्वेस खराडीप्रांतीं, जेथे पूर्वी ज्वारी पिकत असे आणि सांप्रत काचेचे बुरूज पिकतात, तेथे एका बुरुजाच्या सहाव्या मजल्यावर जी थोर मोहीम जाहली तिचा मजकूर मागाहून येणारांस कळावा, म्हणोन बखरकार लेखणी धरितो. जे घडले तेवढेच लिहिले आहे. जे घडायास हवे होते ते लिहिले नाही; त्यासाठी कंपनीचे वार्षिक अहवाल छापून येतात, ते वाचावे. मोहिमेतील बहुत बोलणे इंग्रजीत जाहले, ते येथे मराठीत उतरविले आहे.

मोहिमेचे मूळ ऐसे. कंपनीचे बडे गिऱ्हाईक सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत. त्यांनी करारात कलम घातले की आमचे काम करणारे तमाम लोक धर्म, संस्कृती आणि सामाजिक न्याय या विषयांत तरबेज असावे. मग कंपनीच्या हुजुरातून फर्मान सुटले की या विषयांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम लहानथोर सर्वांनी खुर्चीत बसोन पुरा करावा, आणि अखेरीस दहा सवाल येतील, ते दहाही बरोबर सोडवील त्यासच सनद मिळावी, आणि जे नवे चाकर कच्च्या नेमणुकीवर आहेत त्यांस सनदेवाचून पक्की नेमणूक नाही, आणि ज्या मजल्याची कुल फौज सर्वांआधी उत्तीर्ण होईल त्या मजल्याच्या सरदारास डायरेक्टर हा किताब बहाल व्हावा. फर्मानाखाली दोन हात जोडल्याचे चित्र होते. तेवढ्यावरोन जाणत्यांनी ओळखिले की काम गंभीर नाही.

सहाव्या मजल्याचे सरदार राजश्री बद्रीनाथपंत. माणूस गोड बोलणारा, पाठीवर थाप मारणारा, 'आपण सगळे एक कुटुंब' हे वाक्य दर सोमवारी म्हणणारा. डायरेक्टर या किताबाची पंतांस बहुत वर्षांची आस. तेव्हा पंतांनी मजल्यावरील समस्तांस उभे करोन हुकूम फर्माविला की सामाजिक न्याय शुक्रवार दुपारच्या आत संपला पाहिजे.

फौजेने पराक्रमाची शिकस्त केली. अभ्यासक्रमाचे तीन गड. पहिला धर्माचा, त्यात घंटा, अजान, चर्च आणि गुरुद्वारा यांची चित्रे एकामागोन एक सरकत आणि मागे एकच बासरी वाजे. दुसरा संस्कृतीचा, त्यात ढोल, लेझीम आणि पुरणपोळी. तिसरा सामाजिक न्यायाचा, तो सर्वांत आखूड, चहा निवण्याच्या आत सर व्हावा इतकाच. वीरांनी चित्रफिती मुक्या केल्या आणि एका खिडकीत धर्म चालू ठेवोन दुसऱ्या खिडकीत क्रिकेट पाहिले, आणि कित्येक तर संस्कृती चालू सोडोन खाली मिसळ खावयास गेले. राहता राहिले दहा सवाल. तेथे चेतन नामक यवतमाळकडील गडी कामास आला. त्याने उत्तरे चुकवीत चुकवीत बरोबर अक्षरे शोधोन काढिली आणि व्हॉट्सअॅपवर तमाम मजल्यास धाडिली, आणि सवाल वाचण्याचे कष्ट कोणास उरले नाहीत. "सातला 'अ' मारा रे, बाकी जसं पाठवलंय तसं," एवढाच त्याचा निरोप. मग सनदांचा पाऊस पडला. ज्यांस शेजारच्या टेबलावरील माणसाचा सण ठाऊक नव्हता ते सर्व धर्मांचे जाणकार ठरले.

परंतु मजल्याचा आकडा नव्याण्णव टक्क्यांवर येऊन थबकला आणि पुढे हलेना. पंतांनी शोध करविला, तो सारी फौज पलीकडे पोहोचली असून एकच मुलगी अलीकडे उभी.

तिचे नाव दीपाली गजभिये. गाव भंडारा. आजोबांनी छप्पन साली नागपुरास बौद्ध धम्म स्वीकारिला, वडील पोस्टात कारकून, आणि ही इंजिनिअर होवोन सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर पुण्यास आलेली. साऱ्या मजल्यावर कानास हेडफोन लावोन न्यायाची ती आखूड चित्रफीत अथपासून इतिपर्यंत ऐकणारी हीच एक. नऊ सवाल तिने बिनचूक सोडविले. सातवा सवाल ऐसा होता: 'भारतातील जातिभेद आता संपला आहे. अ) खरे. ब) खोटे.' दीपालीने 'खोटे' दाबिले. पडदा तांबडा जाहला आणि यंत्राने कळविले: 'आपण अजून पुरेसे जागरूक नाही. पुन्हा प्रयत्न करा.' तिने पुन्हा सवाल वाचिला, नीट वाचिला, आणि पुन्हा 'खोटे' दाबिले. पुन्हा तांबडा.

आता दीपालीने ऐसे का केले, ते सांगणे प्राप्त आहे. ती तेव्हा खडकवासल्याकडे एका नातलगांच्या घरी राही, आणि तेथोन खराडीस येणे म्हणजे सारे पुणे आडवे कापणे, आणि दोन बस बदलोन येता येता तिचे डोके उठे. गेल्या महिन्यात खुद्द बद्रीनाथपंतांनी कचेरीच्या ग्रुपवर जाहिरात डकविली की माझ्या सुशीलामावशीची शनिवार पेठेत एक खोली आहे, चांगली मुलगी हवी. दीपाली हर्षभरित होवोन रविवारी तेथे गेली.

सुशीलाबाईंनी दार उघडिले. "जागा बघायला ना? या. चप्पल बाहेर. बाहेर म्हणजे जिन्यात."

खोली उजेडाची, खिडकीत तुळस. दीपालीस फार आवडली. पलंग कोठे ठेवावा हेही तिने मनात ठरविले.

"गाव कुठलं?" बाईंनी पुसले.

"भंडारा."

"अस्सं. लांब आहे. आडनाव?"

"गजभिये."

बाईंनी तिजकडे वळोन पाहिले. "म्हणजे कोण तुम्ही?"

"इंजिनिअर आहे."

"ते झालं हो. घरी काय असतं तुमच्याकडे? सणवार वगैरे?"

"आम्ही बौद्ध आहोत."

"छे छे, आम्ही तसलं काही मानत नाही हो," बाई घाईने बोलल्या, "पण काय झालं, ही जागा ना, कालच एकांना दिली. मीच मेली विसरले."

दीपालीने जिन्यात येऊन चपला घातल्या आणि बस धरिली. ती जाहिरात पुढे कित्येक दिवस ग्रुपवर तैसीच होती. दीपाली कोणास बोलली नाही, कारण मालकीण सरदारांची मावशी आणि नेमणूक सरदारांच्या हाती. गिळोन गप्प बसली. परंतु आता यंत्र तिजकडोन तिच्याच बोटाने 'संपला' ऐसे लिहून घेऊ पाहत होते, आणि तेवढे मात्र तिच्याने होईना.

पंतांनी तिला दालनात बोलाविले आणि दार लोटोन घेतले.

"बस. पाणी घे. अगं, एक क्लिक आहे. 'खरे' दाब आणि मोकळी हो."

"सर, पण ते खरं नाहीये."

"खऱ्याखोट्याचा प्रश्न कुठे आला यात?"

"खरे की खोटे, असाच प्रश्न आहे, सर."

पंतांचे हसू किंचित आटले. "हे बघ, कुठल्या काळातल्या गोष्टी या? आपल्याकडे आता कोण मानतं, सांग. मी कधी तुझं आडनाव तरी विचारलं?"

"तुम्हाला ते माहीत आहे, सर," दीपाली बोलली.

मग पंतांनी गोडी सोडोन जरब धरिली आणि फर्माविले की तुझ्या एकटीपायी सारा मजला अडला आहे, आणि पक्क्या नेमणुकीच्या कागदावर सही मलाच करावयाची आहे, याचा विचार कर. दीपाली "विचार करते" म्हणोन बाहेर आली.

बाहेर फौज खवळली होती. विजयाचा केक आधीच मागविला होता आणि तो फ्रिजमध्ये सुकत होता. चेतनने येऊन रदबदली केली, "पासवर्ड दे, मी मारतो तुझ्याजागी. तुला पाप नको."

"तू प्रश्न वाचलायस का?" तिने पुसले.

"प्रश्न कोण वाचतं यार?"

त्या दिवसापासोन जेवणाच्या टेबलावर तिच्या शेजारील खुर्ची रिकामी राहू लागली. कोणी वाईट बोलले नाही. पुण्यात वाईट बोलण्यावाचोनही काम होते. तिने भंडाऱ्यास फोन करोन सारी हकीगत वडिलांस सांगितली, आणि तिला वाटले ते म्हणतील, दाबू नको.

"पोरी," वडील म्हणाले, "आमी बी असे लय खरे दाबले. नोकरी होती ना. तुले नसन दाबायचं तं नको दाबू. पण मंग भिऊ नको."

दीपालीने डोळे पुसले आणि अभ्यासक्रम रचणाऱ्या तज्ज्ञांस तक्रार लिहिली की सातवे उत्तर चूक आहे. तज्ज्ञांकडोन ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली आणि मनुष्यबळखात्याच्या मुख्य पूर्णिमाबाई यांची झोप उडाली. बाईंनी तजवीज केली की शनिवारी सर्वांनी आपापल्या घरोन ऑनलाइन हजर व्हावे, तज्ज्ञांनी समजूत घालावी, आणि कार्यक्रमाचे नाव 'मनमोकळा संवाद' ठेवावे. अमेरिकेहून गिऱ्हाइकाची एक बाईही येऊन बसली. पंत नवा सदरा घालोन, मागे ग्रंथांचे कपाट आणोन विराजमान जाहले.

तज्ज्ञ बोलले की कायद्याने भेदास बंदी आहे, सबब तो संपला ऐसे धरिले आहे. सकारात्मक वाटावे हा हेतू.

दीपालीने हात वर केला. "कायद्याने बंदी आहे, हे खरं आहे. म्हणून संपला, हे खोटं आहे. सिग्नल तोडायलाही बंदी आहे, सर. पुण्यात येऊन बघा."

कोठेतरी कोणी हसले आणि लगेच मुके जाहले. पूर्णिमाबाई मध्ये पडल्या, "आपण असं करू या का, हा प्रश्नच काढून टाकू. कुणालाच त्रास नको."

"काढू नका, मॅडम. उत्तर बदला."

"पण काही अलीकडचं उदाहरण आहे का?" तज्ज्ञांनी पुसले. "ऐकीव नको."

दीपालीच्या डोळ्यांपुढे नेमणुकीचा कागद आला, बिनसहीचा. मग तिने शनिवार पेठेतील खोलीची हकीगत सांगितली, आडनावापासोन जिन्यातील चपलांपर्यंत, काही न वाढविता. अखेरीस म्हणाली, "जाहिरात आपल्याच ग्रुपवर होती. मालकीणबाई बद्रीनाथ सरांच्या मावशी आहेत. सरांना विचारा, त्यानंतर जागा कोणाला दिली."

सर्वांच्या नजरा पंतांच्या चौकटीकडे वळल्या. पंत गोठले. डोळे उघडे, ओठ अर्धे, मान किंचित कलती, जैसे चित्र अडकोन राहिले. "सरांचं नेट गेलं वाटतं," पूर्णिमाबाई आशेने बोलल्या. परंतु पंतांच्या माथ्यावरील पंखा गरगर फिरत होता, खिडकीचा पडदा हलत होता, आणि एक माशी येऊन पंतांच्या कपाळावर बसली, तैसी पंतांची भुवई उडाली. अमेरिकेतील बाईंनी चष्मा लाविला आणि जवळ येऊन पाहिले. ऐसी शिकस्त आजवर कोण्या सरदाराची सदरेवर जाहली नसेल.

सोमवारी हुजुरातून नवे फर्मान आले की सातव्या सवालाचे बरोबर उत्तर आजपासोन 'खोटे'; आणि चूक उत्तरावर दिधलेल्या सनदा तमाम रद्द; आणि दीपाली गजभिये यांचे उत्तर पहिल्यापासोन बरोबर, सबब त्यांस सनद बहाल आणि नेमणूक पक्की, सही वरील दरबाराची; बाकी सर्वांनी परीक्षा पुन्हा द्यावी. मजल्याने फर्मान वाचिले नाही. वाचण्याची सवय मोडली होती. सर्वांनी चेतनचा जुना निरोप काढोन सातला 'अ' मारिला, तांबडा दिसला तरी पुन्हा 'अ'च मारिला, आणि एका प्रहरात सारी फौज गारद जाहली. फर्मानातील नवा नियम ऐसा की या खेपेस तीनदा चुकल्यास कुलूप पडते आणि तिन्ही गड पुन्हा चढावे लागतात, चित्रफीत मुकी करिता येत नाही, पुढे पळविता येत नाही. दुपारपर्यंत सहाव्या मजल्यावर कुलपेच कुलपे.

चेतन दीपालीच्या टेबलाशी आला. "सातचं नवीन अक्षर काय गं?"

"वाच ना," ती म्हणाली.

तो परत जाऊन बसला आणि पहिल्यांदा सवाल वाचिला. दुसरे दिवशी जेवणास तो तिच्या शेजारी येऊन बसला, आणि डबा पुढे सरकविला. तिने त्यातील एक धपाटा घेतला.

बद्रीनाथपंतांस डायरेक्टर हा किताब मिळाला नाही. कंपनीच्या सामाजिक न्याय समितीचे अध्यक्षपद मिळाले, कारण पंतांस या विषयाचा आता अनुभव होता. परंतु अध्यक्षाजवळ सनद हवी. तेव्हा पंत दालनात एकटे बसले आणि धर्म, संस्कृती व न्याय हे तिन्ही गड सबंध ऐकोन चढले, बासरीसुद्धा. सातवा सवाल आला. काचेपलीकडोन सारा मजला पाहत होता. पंतांचे बोट 'खरे' या शब्दावर गेले, तेथे रेंगाळले, मग खाली उतरले आणि त्यांनी 'खोटे' दाबिले. पडदा हिरवा जाहला. पंतांच्या मनात काय होते ते यंत्रास कळत नाही, आणि ते कळण्याची सोय त्या दौलतीत कोठेच नाही.

येणेप्रमाणे खराडीची मोहीम फत्ते जाहली. फौजेचे नुकसान: एक केक, सुकोन वाया. काबीज केलेला मुलूख: एक शब्द. तो घेणारी एकटी दीपाली गजभिये. मुलूख लहान खरा, परंतु कागदोपत्री तिच्याच नावे लागला आहे, तैसा या दफ्तरी दाखल केला असे.