दोनदा परत आलेले कोपर

आमच्या शेजारचा अतुल वानखडे माझ्याकडून नेलेली वस्तू दोनदा परत करतो. सोमवारी कोपर आणून देतो, मी ते घेतो. मंगळवारी तेच कोपर माझ्या नकळत उचलून पुन्हा आणून देतो आणि मी ते पुन्हा घेतो. मग तो दारात थांबून, रुग्णाला वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरच्या स्वरात म्हणतो, "पकडलं नाई, काका."

कोपर म्हणजे पंगतीची कणीक मळायची मोठी पितळी परात. आंजी गावातल्या आमच्या आळीची सामाईक भांडी, म्हणजे मूळची सात कोपरे, नऊ गंज, झारे, सराटे, वडिलांच्या काळापासून आमच्या घरच्या कोठीत असतात. त्यांचा राखणदार मी. कोठीच्या दारामागे फळा आहे. कोणी काही नेले की त्याचे नाव खडूने लिहायचे, वस्तू आली की पुसायचे. मी शाळेत मास्तर असल्याने खडूवर माझा फार विश्वास होता. फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेले मी कधी तपासून पाहिले नाही.

अतुल पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून काम करतो. त्याने मला ते एकदा समजावले. संगणकाच्या पोटात एक कोठार असते. ज्या प्रोग्रामला जागा हवी, त्याला ती काढून देणारा आणि काम झाले की परत घेणारा एक राखणदार तिथे नेमलेला असतो. त्याला मेमरी अॅलोकेटर म्हणतात. अतुलने त्याच्याशी दिवसभर मुद्दाम वाईट वागायचे. घेतलेली जागा दोनदा परत करायची, परत केलेली वापरत राहायची, आपल्या हद्दीपलीकडे लिहायचे, दुसऱ्याची जागा आपली म्हणून सोडायची आणि राखणदार हे पकडतो का ते पाहायचे. "मी चूक करनाऱ्याले नाई तपासत, काका. चूक पकडनाऱ्याले तपासतो."

आमच्या सौ.ने हे ऐकून विचारले, "चुका करायचा पगार भेटते? मंग आमचे हे तीस वर्षांपासून फुकटच करून राह्यले."

गेल्या दिवाळीपासून अतुलने हे काम घराबाहेरही सुरू केले. सकाळी तो माझे वर्तमानपत्र नेई, वाचून परत करी आणि मग माझ्या पाठीमागे उभा राहून तेच वाचू लागे. माझे पान संपायच्या आत हात पुढे करून उलटेही. गंज नेला की आधी नुसते झाकण परत आणी आणि सगळे परत केल्याचा चेहरा करी. एका पंगतीत त्याने आपला भात हळूहळू शेजारच्या पत्रावळीवर सारला. शेजारच्याने वर न पाहता तो खाल्ला, वरून वरण मागितले. अतुलने खिशातली वही काढून नोंद केली, "हद्द ओलांडली. कोणी बोललं नाई."

मी हसत असे. आज कबूल करतो, त्या हसण्यात थोडी कीवही होती. चाळिशीला आलेला एकटा माणूस, आई गेल्यापासून जरा बिघडला, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. माणसांविषयी मनाशी काही ठरवून टाकणे ही माझी जुनी खोड आहे.

त्या खोडीचा मोठा बळी मैनाबाई. त्या आळीच्या टोकाला राहतात, मजुरीला जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नावावरचे एक कोपर फळ्यावर तसेच राहिले. त्या म्हणाल्या, परत ठेवले. मी आळीच्या बैठकीत, अगदी मृदू आवाजात, "फळा खोटे सांगत नाही," एवढेच म्हणालो. तेवढे पुरले. मैनाबाईंनी त्यानंतर कोठीतले एक भांडे नेले नाही. आता त्यांच्या मुलीचे, पौर्णिमेचे, लग्न वैशाखात ठरले होते आणि भांडी वर्ध्याच्या बिछायत केंद्रातून भाड्याने यायची होती. वरपक्षाने विचारले असते, आपल्याच आळीची भांडी का नाहीत. त्याचे उत्तर सगळ्या आळीला ठाऊक होते.

चैत्रात आळीतल्या भोयरांकडे बारसे झाले. संध्याकाळी भोयर रस्त्यात भेटले, तेव्हा मी त्यांना सौम्यपणे सांगितले की त्यांचे कोपर यायचे आहे.

"मास्तर, दुपारीच तुमच्या ओट्यावर ठेवून गेलतो," भोयर म्हणाले. "तुमी आतून म्हनले, ठेवा तिथंच."

मी त्यांना घरी आणून फळा दाखवला. भोयरांचे नाव ठसठशीत होते. माझ्या तोंडून तेच जुने वाक्य निघण्याच्या बेतात होते, इतक्यात अतुल कोपर काखेत घेऊन आत आला.

"हे माझ्यावालं, काका. दुपारी मी तुमाले दिलं ते भोयरकाकांचं. ओट्यावरून उचललं न् माझं म्हनून आनून दिलं. तुमी माझं नाव पुसलं."

भोयर हसत सुटले. मी हसण्याच्या तयारीत होतो. पण अतुलने नेहमीचे वाक्य उच्चारले नाही.

"मैनामावशीनं बी ओट्यावरच ठेवलं होतं," तो म्हणाला. "मंग कोनीतरी आपलं समजून आत आनून दिलं असन. त्याचं नाव पुसल्या गेलं, मावशीचं राह्यलं."

भोयर गेल्यावर मी त्याला विचारले, हे त्याने दोन वर्षांपूर्वीच का सांगितले नाही. तो कोपराच्या काठावर बोट फिरवत राहिला.

"सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, पोरगं मावशीची बाजू घेते. ते कोपर आईच्या तेरवीसाठी होतं, काका. मले काहीच सुचून नाई राह्यलं होतं, म्हनून मावशीनं आपल्या नावानं नेलं. बैठकीत तिनं माझं नाव घेतलं नाई."

तिने नाव घेतले नाही हे खरे. मी विचारलेही नव्हते. मी फळ्यावरचे भोयरांचे नाव पुसले आणि विचारले, "आणि ते वर्तमानपत्र?"

"ते असंच," तो म्हणाला. "घरी कोनी बोलाले नसते."

आरोप चारचौघांत केला होता, म्हणून माफीही चारचौघांत मागणे भाग होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या चार माणसांना घेऊन मी मैनाबाईंच्या अंगणात गेलो. त्या बाजेवर कुरडया घालत होत्या. मी रात्रभर जुळवलेली वाक्ये शेवटपर्यंत म्हटली. त्यांनी मान वर केली नाही.

"बोलनं झालं असन, मास्तर, तं बाजेचं तिकडचं टोक धरा. उन्हात सरकवा लागते."

मी टोक धरले. बाज उन्हात ठेवल्यावर त्यांनी पदराला हात पुसले. "किती कोपरं आहेत आता?"

"सहा."

"साही लागतीन."

हरवलेले सातवे अजूनही सापडलेले नाही. अतुल म्हणतो, ते कोणाच्या घरी आहे हे शोधणे त्याचे काम नव्हे. प्रत्येक भांड्यावर क्रमांक मात्र त्याने माझ्याकडून घालून घेतले.

लग्नाला साही कोपरे आणि सगळे गंज गेले. मैनाबाईंना भाऊ नाही, म्हणून नवरीमागे मामा म्हणून त्यांनी अतुलला उभे केले. आदल्या दिवशी त्याने मला तीनदा विचारले, मामाने नेमके काय करायचे असते. मी म्हणालो, नुसते मागे उभे राहायचे.

तो इस्त्रीच्या कपड्यांत, श्वासही जपून घेत, उभा राहिला. अंतरपाट खाली आला, अक्षता संपल्या, बँड थांबला, हार घालून झाले. मंडळी पंगतीकडे वळली. अतुल पौर्णिमेच्या मागे तसाच उभा होता. त्याला जेवायला बोलवावे म्हणून मी निघालो, तर मैनाबाईंनी मला अडवले.

"राहू द्या थोडं, मास्तर."

मी पंगतीत जाऊन बसलो. शेजारची पत्रावळ रिकामी होती. वाढपी आले, गर्दी झाली, दोघातिघांनी ती जागा मागितली. मी पत्रावळीवर हात ठेवून प्रत्येकाला सांगत राहिलो की ही जागा दिलेली आहे.