इंदूआक्काचा बायस

इंदूआक्काच्या अंबाड्यात मी फूल कधी पाहिलं नाही. तिथं टेस्टर असतो. पिवळ्या मुठीचा. बोलता बोलता तिचा हात मागं जातो, टेस्टर बाहेर येतो आणि समोर मिक्सर असो, इस्त्री असो नाहीतर देवघरातली विजेची समई, तिचं झाकण उघडलंच म्हणून समजा. एकदा आमच्याकडं सत्यनारायणाला आली, प्रसादाचा द्रोण हातात घेतला, भटजींच्या माईकच्या डब्याला कान लावला आणि म्हणाली, "ह्याचा बायस गेलाय बघा." भटजींना वाटलं, आपला मंत्रच चुकला. त्यांनी अध्याय पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

मी मूळचा उचगावचा. नोकरीसाठी शहापूरच्या एका बोळात भाड्यानं राहतो. आक्काचं घर बरोबर समोर. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेली बाई. खाली कापडाचे माग आहेत, ते आता पुतण्या चालवतो. वर आक्का आणि तिचे यजमान आप्पा. मागांची खडखड दिवसभर चालू असते, त्यामुळं आमच्या बोळात कुणी हळू बोलतच नाही. त्यातही आप्पांचा आवाज म्हणजे आवाज होता. आक्का वर स्वयंपाकघरात, आप्पा खाली मागापाशी, आणि दोघांचं भांडण मात्र कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत ऐकू जायचं. मग आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. आता ते कॉटवर बसून हसतात, हातानं खुणा करतात, आणि त्यांच्या वाटणीचंही आक्काच बोलते.

काही दिवसांनी आक्कानं अँप्लिफायर बनवायला घेतला. बोळाचं एकमत झालं की बाई यंदा गणपतीत डॉल्बी लावणार.

ट्रान्झिस्टर आणायला ती मला स्कूटरवरून बाजारात घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे स्कूटर माझी, मागं बसून हुकूम तिचे. दुकानात तिनं मीटर काढलं आणि डब्यातला एकेक ट्रान्झिस्टर तपासायला बसली. मागं गिऱ्हाइकांची रांग. शेवटी दुकानदारानं हात जोडले, "साकु री अक्का, साकु!" कानडीत, पुरे झालं म्हणे. आक्कानं वरसुद्धा बघितलं नाही. "जोडी जुळाय नको? लग्नात न्हाय जुळली तर चालतंय, खरं हितं जुळाय पायजे."

बायस म्हणजे काय, हे मी तिला परतीच्या वाटेवर विचारलं. ती चूक माझीच. तिनं मला सिग्नलच्या पुढं रस्त्याकडेला थांबवलं.

"हातमागावर सुताचा धोटा बघितलाइस न्हवं? उजव्या हातानं टाकायचा, डाव्यानं झेलायचा. डावा हात आधीच तयार पायजे का नको? धोटा आल्यावर हात काढलास तर?"

"पडंल."

"पडंल! धागा तुटंल! तसंच हे दोन ट्रान्झिस्टर. एकानं आवाज सोडायच्या आधी दुसरा जागा पायजे. त्याला जागं ठेवायला थोडा करंट सोडायचा. त्यो बायस. लई सोडलास तर तापून मरतोय, कमी सोडलास तर झोपतोय."

"एवढ्याशा झोपेनं काय बिघडतं?"

"मोठ्या आवाजाला काय बी होत न्हाय रं. बारका आवाज मरतोय. दोघांच्या मधल्या फटीत पडून फाटतोय."

हे सांगताना ती इतकी तळमळली की एका रिक्षावाल्यानं थांबून, भांडण आहे का, असं विचारलं.

पहिला अँप्लिफायर उडाला. असा आवाज झाला की पुतण्यानं माग बंद केले आणि बोळातल्या बायका सिलिंडर सिलिंडर करत बाहेर आल्या. आक्का गॅलरीत आली. कपाळावर काजळी, चेहरा आनंदी. "बायसचा स्क्रू उलटा फिरला!" तिनं सगळ्यांना सांगितलं. दुसरा उडाला नाही, हळूहळू तापत गेला. तापला की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो. "तुझ्या सायबासारखं," आक्का मला म्हणाली.

तिसऱ्याच्या वेळी तिनं मला रविवारी सकाळी हाक मारली. "ये रं, बायस लावायचाय! पंखा बंद कर. दार लोट. वारं लागलं तर आकडा खोटा येतोय. आणि कशाला हात लावू नको, नुसता बघ."

आप्पा कॉटवर बसून बघत होते. मला त्यांनी डोळ्यांनीच बस म्हटलं.

लाईनच्या वाटेत आक्कानं एक बल्ब जोडला होता. तो पेटून तसाच राहिला तर आत घोटाळा, विझत गेला तर ठीक. तिनं देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला. मग तो मंद झाला, आणखी मंद, आणि विझला.

"विझला!" आक्का ओरडली. दिवा विझल्यावर एवढा आनंद झालेली बाई मी पहिल्यांदाच बघत होतो.

बल्ब काढून तिनं थेट लाईन दिली, मीटरच्या पिना लावल्या आणि टेस्टरनं तो बारकासा स्क्रू केसभर फिरवला. आकडा हलला. आणखी केसभर. "किती? मोठ्यानं सांग!" मी आकडे ओरडत होतो, खाली माग ओरडत होते. ट्रान्झिस्टरमागच्या अॅल्युमिनियमच्या काळ्या पट्ट्या तापायला लागल्या. तापल्या बाळाचं कपाळ बघावं तसा ती उलटा हात त्यांना लावून बघत होती. आकडा चढायला लागला. "चढायलाय आक्का!" "चढू दे. थांबतोय का बघ." चढला. आणखी चढला. मी दाराकडं सरकलो. आणि मग आकडा थांबला. एक पाऊल मागं आला आणि तिथंच बसला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे त्याच्याकडं बघत राहिलो. हलेना.

"बसला रं! बसला!" तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मीच हललो.

स्पीकर जोडला. खरखर नाही, घुरघुर नाही. मी खूश होऊन विचारलं, "कुठलं गाणं लावायचं?"

"गाणं कशाला?" म्हणत तिनं कपाटातून एक माईक काढला, जोडला आणि आप्पांच्या हातात दिला. त्यांनी मान हलवली. नको. त्यांनी माईक गादीवर ठेवला.

आक्का माझ्याकडं वळली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बाजारातला एक अँप्लिफायर आणलता मी. त्यात ह्यांचा आवाज फाटका आला. पत्र्याच्या डब्यातनं आल्यागत. ह्यांनी एकदाच ऐकला, आणि माईक खाली ठेवला. तवापास्नं कुजबुजायचं बी कमी केलंय." मग ती आप्पांपुढं वाकली. "एकदा बोला. बरं न्हाय आलं तर मी हे सगळं पुतण्याला देऊन टाकतो."

आप्पांनी माईक उचलला. ओठ हलले.

"इंदे," स्पीकरमधून आलं. बारीक, पण सबंध. खालच्या खडखडीवरून स्वच्छ तरंगत आलं. "आमटी अळणी हाय."

आक्का ताठ उभी राहिली. "आजची?"

"रोजचीच. ऑपरेशनपास्नं."

"आणि मग सांगायचं न्हाय व्हय?" ती जुन्या पट्टीत कडाडली. "इतके दिवस गप गिळत बसलासा?"

"सांगत होतो की गं," आप्पा म्हणाले. "तुला ऐकू येत नव्हतं."

आक्का खाली कॉटपाशी फरशीवर बसली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि वर त्यांच्याकडं बघत हळूच म्हणाली,

"आणि काय काय सांगत होतासा?"

मी चपला हातातच घेतल्या आणि दार लोटून जिना उतरलो.