गुंजाळांची पडद्यावरची गाडी

नव्या गाडीच्या पहिल्या फेरीआधी आम्ही चाकाखाली लिंबू ठेवतो. गुंजाळ ते माऊसखाली ठेवतात.

गुंजाळ आणि मी भिंगारला एकाच ठिकाणी नोकरीला. लष्करासाठी नवी गाडी आली की मी ती चाचणीच्या मैदानावर खड्ड्यांतून, चढांवरून पिदडतो. गुंजाळ तीच गाडी कॉम्प्युटरात घालतात, तिथंच खड्डे-डोंगर उभे करतात आणि खुर्चीत बसून तिची परीक्षा घेतात. अंगाला धूळ नाही, कंबरेला दणका नाही. मोठे साहेब मात्र चहाला त्यांच्याच खोलीत! माझा जळफळाट होतो, आणि मी तो लपवतही नाही.

बरं, या गृहस्थांना साधी सायकल येत नाही. केडगावला घरी जाताना माझ्या मोटारसायकलवर मागे बसतात आणि डोळे मिटून ओरडतात, "हळू हो! पुढं ब्रेकर हाय!" एसटीत पाय ठेवण्याआधीच आलेपाक तोंडात. पडद्यावर गाडी कलंडली तरी "आई गं!" म्हणून पाणी पितात. "आधी हितं उलटू द्या, मंग मैदानात न्या," हे त्यांचं पालुपद.

परवा दिल्लीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर नवी चिलखती गाडी तिरक्या चढावर मी चालवणार होतो. बायकोने कपड्यांना कडक इस्त्री करून ठेवली होती. आणि आदल्या दिवशी गुंजाळांनी वर कळवलं, गाडी त्या चढाच्या वळणावर उलटते. झाली चाचणी रद्द!

मी तणतणत त्यांच्या खोलीत शिरलो. "माझं चांगलं झालेलं तुमच्या डोळ्यांत खुपतं का हो?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. गाडी आडवी पडलेली. आत चालकाच्या जागी एक राखाडी बाहुला आणि त्यावर माझं नाव. वजनही माझंच घातलेलं, पोटासकट.

"हे काय?"

"लई दिवसांपासून तुमालाच बसवतो," ते खाली बघत म्हणाले. "आत कुनी न्हाई म्हटलं की आपनबी म्हनतो, जाऊ द्या. तुमी आत असला की मला तसं म्हनता येत न्हाई."

"मग घरच्या कुणाचं नाव घालायचं."

"घरी कोन हाय?"

माझा राग कुठे गेला कळेना. मी शेजारची खुर्ची ओढून बसलो. "पुन्हा चालवा बघू. आता वळण सावकाश घ्या."

"घेतलं की. लई येळा घेतलं. सावकाश घेऊनबी उलटता तुमी," गुंजाळ म्हणाले, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.