थॅडियस पेटिग्रूच्या नावाची किंमत

माणसाला त्याच्या कामाचे पैसे देणं ही जगातली जुनी आणि काहीशी ओबडधोबड पद्धत आहे. कॉलेजच्या फुटबॉलने ती कधीच मानली नाही. कित्येक वर्षं खेळाडूंना काहीच दिलं जात नसे आणि त्यामुळे त्यांचं चारित्र्य घडत असे. (प्रशिक्षकांचं चारित्र्य आधीच घडलेलं असल्याने त्यांना वर्षाला चाळीस लाख डॉलर दिले जात.) आता काळ बदलला आहे. खेळण्याबद्दल पैसे देणं अजूनही कमीपणाचंच समजतात. मात्र खेळाडूचं नाव आणि चेहरा वापरल्याबद्दल त्याला हवे तितके देता येतात, आणि ते चाहत्यांनी आपल्या खिशातून द्यावेत अशी रीत पडली आहे.

आमच्या ब्रॅक्सटन फेरी गावात यासाठी ‘एकनिष्ठ पाणमांजर निधी’ स्थापन झाला. पाणमांजर हे आमच्या संघाचं नाव. निधीचे अध्यक्ष रॉयस टिलरी हे ट्रॅक्टरचे विक्रेते असून, नुसता चेहरा पाहून माणसाची ऐपत सांगण्याचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव आहे. महिना पंचवीस डॉलर भरणारा तो पाणमांजर, शंभर भरणारा थोर पाणमांजर, आणि हजार भरणाऱ्याला सामन्याच्या दिवशी स्वच्छतागृहाजवळ गाडी लावता येते. मासे तळून विकले गेले. एक बंदूक सोडतीत ठेवली गेली. चर्चमधलं दान घटलं तेव्हा पाद्रींनी त्यावर प्रवचन करायचं ठरवलं होतं, पण ते स्वतः थोर पाणमांजर असल्यामुळे त्या रविवारी नोहाच्या तारवावर बोलले.

इथवर सगळं इतर गावांसारखंच होतं. आमचा निधी वेगळा ठरला तो प्रामाणिकपणामुळे. नावाचे पैसे द्यायचे तर नावाची किंमत काढली पाहिजे, हे टिलरींनी मनावर घेतलं आणि अटलांटाहून एक सल्लागार आणला. त्याने सोपी पद्धत बसवून दिली. रेडिओवरच्या धावत्या वर्णनात, वर्तमानपत्रात आणि चाहत्यांच्या फोनवरच्या गप्पांत खेळाडूचं नाव जितक्या वेळा निघेल तितक्या वेळा चौदा डॉलर. ते कौतुकाने निघालं की रागाने, यात पद्धत पडत नव्हती.

सप्टेंबरअखेरचे आकडे असे. क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातात चेंडू असतो आणि ज्याचे केस चांगले असतात तो: बेचाळीस हजार डॉलर. त्याने फेकलेला चेंडू झेलणारे दोघे: प्रत्येकी अठरा हजार दोनशे. पाणमांजराचा वेश घालून मैदानाकडेने कोलांट्या मारणारा विद्यार्थी: नऊशे ऐंशी. थॅडियस पेटिग्रू: शून्य.

थॅडियस हा तीनशे दहा पौंडांचा मुलगा. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना थोपवणं हे त्याचं काम. हे काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचं वर्णन रेडिओवर करता येत नाही. अशा खेळाडूचं नाव निघतं ते एकाच प्रसंगी: त्याने समोरच्याला धरून ठेवलं, पंचाने पिवळा रुमाल टाकला आणि संघाला शिक्षा झाली, तर. तीन हंगामांत थॅडियसने कोणाला एकदाही धरलं नव्हतं.

त्याला पैशांची निकड होती. त्याची आई लुरीन अकरा वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून तंगड्या कापत होती. मनगटं इतकी गेली होती की कॉफीचा कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलावा लागे. नाताळपर्यंत तुझी नोकरी सोडवतो, असा त्याने तिला शब्द दिला होता.

तो टिलरींना भेटायला गेला. टिलरींनी त्याला दुकानातल्या सर्वांत मोठ्या ट्रॅक्टरशेजारी बसवून गोड चहा पाजला.

“पोरा, तुझ्या कामाला तोड नाही. तीच तर अडचण आहे. तुझं नाव घेणार कोण?”

“मी चुकलो की घेतात, सर.”

“मग चुकत का नाहीस रे कधी?” टिलरी म्हणाले आणि आपल्याच विनोदावर मांडीवर थाप मारून हसले.

थॅडियस हसला नाही. निधीच्या अध्यक्षांकडून त्याला मिळालेली ही पहिलीच सूचना होती, आणि तो सांगितलेलं ऐकणारा मुलगा होता.

पुढच्याच शनिवारी त्याने एकाला धरलं. बेचाळीस डॉलर मिळाले. मग त्याच्या लक्षात आलं की मैदानाच्या मध्यावर धरलं तर रेडिओवाला एकदा नाव घेऊन विसरून जातो. पण धरल्यामुळे आपल्याच संघाचे झालेले गुण रद्द झाले, तर गाव मंगळवारपर्यंत दुसरं काही बोलत नाही. ऑक्टोबरात त्याने असे चार वेळा गुण घालवले. लुरीनने फोन केला.

“कारखान्यात रेडिओ लावतात, बाळा. तुझं नाव ऐकलं. त्याच्या मागेपुढे जे होतं ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.”

“दर वेळेचे चौदा डॉलर, आई.”

“आणि कोणी माझ्यावरून बोललं तर?”

“विचारलंय मी. त्यात आपलं आडनाव असेल तर धरतात.”

“मग आडनाव तरी नीट घ्या म्हणावं,” लुरीन म्हणाली. “एकाने पेटिग्रीन म्हटलं.”

हंगामाचा शेवटचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी होता. त्यांना आम्ही नऊ वर्षं हरवलेलं नव्हतं. आठ सेकंद उरले असताना क्वार्टरबॅकने विजयाचा चेंडू फेकला, तो झेलला गेला, टिलरींनी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली, आणि मैदानावर पिवळा रुमाल दिसला. थॅडियसने समोरच्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याला सोडवायला दुसरा पंच बोलवावा लागला.

त्या आठवड्यात थॅडियसचं नाव सहा हजार वेळा निघालं. जाळण्यासाठी लोकांनी इतके घेतले की त्याच्या नावाचे सदरे दोन दिवसांत संपले. निधीने लगेच स्वस्त कापडाचे मागवले, कारण ते पेटतही चांगले. (दर सदऱ्यामागे त्याला तीन डॉलर.) त्याचा निषेध म्हणून दोनशेजण नव्याने थोर पाणमांजर झाले. पाद्री आता हजारवाल्यांत गेले.

टिलरींनी तातडीची सभा बोलावून, शिव्यांसोबत निघालेलं नाव वजा धरावं, असा ठराव मांडला. सल्लागाराने तिथल्या तिथे हिशेब करून दाखवला. त्या हिशेबाने क्वार्टरबॅकच निधीचं सहाशे दोन डॉलर देणं लागत होता, आणि रेडिओवर नाव निघणं एकाही खेळाडूला परवडलं नसतं. ठराव मागे घेऊन सभा जेवायला उठली.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी लुरीनने कारखाना सोडला. मैत्रिणींनी केक आणला होता; तो तिला कापू दिला नाही.

निधीचं काम उत्तम चाललं असून, नव्या हंगामासाठी संघातल्या बाकीच्या रक्षकांनीही धरण्याचा सराव सुरू केला आहे. थॅडियसच्या आधीच्या तीन निर्दोष हंगामांचा सविस्तर वृत्तांत आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत केव्हाचा लिहून तयार आहे. तो वाचायला अजून कोणीही मागितलेला नाही. तुम्हीसुद्धा हाच वाचलात.