काटा सहा किलोंनी चुकतो

आमच्या खात्यात माझ्याइतकं डोकं चालवणारी सहायक दुसरी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. लोक सांगत नाहीत, म्हणून आपणच सांगावं लागतं!

काम तसं साधं. आमच्याकडे एकेका दुखण्याच्या खास सिस्टर आहेत. जखमांच्या वेगळ्या, मधुमेहाच्या वेगळ्या, हृदयाच्या वेगळ्या. मी हृदयाच्या सिस्टरांची सहायक. घरोघरी जायचं, पेशंटचं वजन आणि ब्लडप्रेशर घ्यायचं आणि मोबाइलवर भरायचं. आकडे थेट सिस्टरांना दिसतात. हृदय दमलं की अंगात पाणी साठतं आणि वजन चढतं. गोळीने पाणी जास्तच उतरलं तर वजन घसरतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. त्यामुळे आमच्याकडे किलोकिलोला किंमत!

तीन महिने मी सिस्टरांच्या मागून फिरले. त्या शुक्रवारी पहिल्यांदाच एकटी जाणार होते. दिवस नीट पार पडला की माझ्या वहीत त्यांची सही, आणि सोमवारपासून मी स्वतंत्र! सही झाल्यातच जमा आहे, असं मी घरी आदल्या दिवशीच सांगून बसले होते.

सकाळी नवा कोरा वजनकाटा मिळाला. नवा काटा वापरण्याआधी तपासायचा असतो. मी तो ऑफिसच्या फरशीवर ठेवला आणि स्वतः वर चढले.

एकाहत्तर!

आता, माझं वजन पासष्ट आहे. मी चपला काढल्या. एकाहत्तर. गळ्यातलं ओळखपत्र काढलं, किल्ल्या काढल्या, श्वास रोखला, एका पायावर उभी राहिले. काटा हटायला तयार नाही! दुसरी एखादी असती तर घाबरली असती. मी क्षणात ओळखलं की काटाच सहा किलो जास्त दाखवतोय. बदलून घ्यायला गेले, तर स्टोअर अकराला उघडणार. मग डोकं चालवलं. प्रत्येकाच्या वजनातून सहा वजा करायचे. आहे काय अन् नाही काय!

पहिलं घर आजोबांचं. आजोबा निवृत्त पोस्टमन. काट्यावर चौसष्ट आले, मी अठ्ठावन्न भरलं. दुसरं घर शिवणकाम करणाऱ्या ताईंचं. काट्यावर ब्याऐंशी, मोबाइलवर शहात्तर. ताईंना तसं सांगितलंही.

"आठवड्यात सहा किलो उतरले?" ताईंनी टाळीच वाजवली. "मीठ कमी केलंय ना मी! आणि तुमच्या हाताला गुण आहे हो!"

"छे हो, माझं काय त्यात!" मी लाजून म्हटलं. लाजण्याच्या भरात बॅगेत थरथरणारा फोन काही मला ऐकू आला नाही.

बाहेर येऊन बघते तो सिस्टरांचे नऊ मिस्ड कॉल! मी घाईघाईने फोन लावला.

"आहेस तिथून आजोबांकडे ये," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

आजोबा पलंगावर आडवे, पायांखाली तीन उशा. आजी वर्तमानपत्राने वारा घालताहेत. दारात दोन शेजारी. आणि सिस्टर तिसऱ्यांदा ब्लडप्रेशर मोजताहेत.

"ब्लडप्रेशर उत्तम, नाडी उत्तम," त्या माझ्याकडे वळल्या. "आणि वजन सहा किलो खाली? अगं, मी यांची पाण्याची गोळी बंद करायला निघाले होते! डॉक्टरांना फोन केलाय मी!"

"मला गरगरतंय," आजोबा कण्हले.

"वजन कसं घेतलंस?"

"एकदम बरोबर!" मी ताठ मानेने सांगितलं. "काटा सहा किलो जास्त दाखवतो. म्हणून मी दुरुस्त करून भरलं."

"जास्त दाखवतो, हे कशावरून?"

"माझ्यावरून."

"तुझं वजन किती?"

"पासष्ट."

"कधी केलं होतंस?"

"लग्न ठरलं तेव्हा."

"आणि तुझा मुलगा आता कितवीत आहे?"

"दहावीत."

आजींचा वारा थांबला. "नाचता येईना..." एवढंच त्या पुटपुटल्या आणि पुढचं गिळलं.

सिस्टरांनी आजींकडून पिठाची न फोडलेली दहा किलोंची पिशवी मागून घेतली आणि काट्यावर ठेवली. मी मनातल्या मनात हात जोडले. सोळा दाखव रे बाबा, सोळा!

दहा. बरोब्बर दहा.

"म्हणजे मी चौसष्टच?" आजोबा ताडकन उठून बसले. "मग मला गरगरत का होतं?"

"सिस्टरांनी फोनवर विचारलं तेव्हापासून गरगरतंय तुम्हाला!" आजी म्हणाल्या.

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. गोळी बंद झाली असती तर आजोबांच्या अंगात पुन्हा पाणी साठलं असतं, तेही माझ्या त्या जुन्या पासष्टपायी. मला खरोखर लाज वाटली. सिस्टरांनी आकडे दुरुस्त केले, डॉक्टरांना कळवलं आणि ताईंना फोन करायचं काम माझ्यावर टाकलं. सहा किलो दहा मिनिटांत परत कसे चढले, हे त्या बाईंना समजावताना मला घाम फुटला!

मग सिस्टरांनी माझी वही उघडली.

"आज सही नाही. महिनाभर रोज सकाळी काटा तपासायचा आणि पहिल्या ओळीत स्वतःचं वजन लिहायचं. महिनाभर खरं लिहिलंस तर सही. सुरुवात आत्ता. चढ!"

दारातले दोन शेजारी एव्हाना पाच झाले होते. मी चढले. उतरले. वहीत लिहिलं, एकाहत्तर.

सिस्टरांनी वहीकडे पाहिलं. मग काट्याकडे पाहिलं. त्यावरचा आकडा मेला अजून विझला नव्हता!

"आणि पुढचे नऊशे ग्रॅम?"

लिहिले. महिन्याने सहीही मिळाली. ते नऊशे ग्रॅम मी तुम्हालाही सांगितले नव्हते, हे खरं. पण त्या दिवशी मी केस धुतले होते, आणि ओल्या केसांना वजन असतं की नाही, तुम्हीच सांगा!