शेंदऱ्याची बाजू

"सांगा, समोरतीन होडी उनी, ते आपली होडी कोनत्या बाजूले लेवानी?" तव्यावरची भाकरी उलटत भिकुबाईने विचारलं.

तिच्या नवऱ्याने, झुलाल नानाने, हातातला घास तसाच धरला, छपराकडे पाहिलं आणि म्हणाला, "डाव्या बाजूले."

"ती सडकनी रीत शे. सडकवर डाव्या बाजूले, पानीमा जेवन्या बाजूले. नियम अकरा. तीनदाव सांगं तुम्हले!"

"मंग सरकारले दोन्हीकडे एकच बाजू ठेवाले काय व्हतं?"

प्रश्न रास्त होता. जेवायचा हात तो जेवना, म्हणजे उजवा, एवढं नानाला कळत होतं. पण चाळीस वर्षं त्याने सडकेच्या डाव्या अंगाने बैलगाडी हाकली होती आणि पाणी पाहिलं होतं ते विहिरीत आणि घागरीत. चार वर्षांपूर्वी धरण झालं, करंजखेडं पाण्याखाली गेलं, माणसं टेकडीवर आली आणि नानाचं शेत माशांच्या ताब्यात गेलं. पलीकडच्या काठाला जायला होडी हवीच होती, ती नानाने घेतली. आता दिवसाला तीन खेपा मारताना तो कुठल्या बाजूने जातो, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि होडीलाही त्याची चिंता नव्हती.

चिंता पडली ती धुळ्याच्या ऑफिसला. 'जलाशय व जोडपाण्यावरील होडी वाहतूक नियमावली' असं भारदस्त नाव असलेलं पुस्तक गावात येऊन पडलं. आत बत्तीस नियम. सोबत चिठ्ठी, की बुधवारी निरीक्षक येऊन परीक्षा घेतील आणि जो नावाडी नापास होईल त्याची होडी साखळीने बांधली जाईल.

भिकुबाईचा जीव त्या साखळीत अडकला होता. तिची लेक पुष्पा पलीकडच्या काठावर दिलेली. धरणाआधी ते सासर ओढा ओलांडला की यायचं, आता सडकेने साठ किलोमीटर, त्यातली निम्मी नुसती खडी. पुष्पाला सातवा सरून आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणायचा मुहूर्त शुक्रवारचा, आणि पोटुशी पोर त्या खडीवरून एसटीत हादरत आणायची म्हणजे जिवाशी खेळ. होडीने अर्धा तास. म्हणून परीक्षा नानाची असली तरी अभ्यास भिकुबाईने केला. शाळेतल्या गुरुजींकडून तिने अख्खं पुस्तक दोनदा वाचून घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे एकदा ऐकलेलं विसरायची सोय नव्हती. बत्तीसच्या बत्तीस नियम ती जात्यावरच्या ओव्यांसारखे म्हणू लागली.

नानाचं मात्र घोडं अकराव्या नियमापाशी अडलं. उजवं-डावं त्याला समजत होतं, पण ते डोक्यातून हातात उतरेपर्यंत होडी भलतीकडे गेलेली असे. सोमवारी संध्याकाळी काठावर सराव करताना भिकुबाई वैतागून ओरडली, "अहो, शेंदऱ्याकडे! शेंदऱ्याकडे ल्या!"

आणि होडी झटक्यात उजवीकडे वळली.

शेंदऱ्या आणि पवऱ्या ही नानाची बैलजोडी. शेंदऱ्या उजवीकडचा, पवऱ्या डावीकडचा. शेत बुडालं तेव्हा नानाने ती जोडी पलीकडच्या काठावर व्याह्याला, तोतारामला देऊन टाकली. विकली नाही, दिली. "जपा," एवढंच म्हणाला आणि मागे न बघता घरी आला.

"अशी सांगाले काय व्हतं?" नाना म्हणाला. "उगाच दोन दिवस जेवनी-डावी करत बसनीस."

मग नियम अकरा त्या घरात कायमचा बदलला. समोरून होडी आली की शेंदऱ्याकडे. नानाने दहापैकी दहा वेळा बरोबर वळवली. भिकुबाईला एवढा हुरूप आला, की मंगळवारी पलीकडे जाऊन तिने पुष्पाच्या कानातही मंत्र घातला. कारण त्या पाण्यावर होड्या दोनच. एक नानाची, दुसरी तोतारामची. परीक्षा दोघांची होती आणि तोतारामही मूळचा गाडीवानच.

"तुन्हा सासराले सांग, दुसरं काही ध्यानमा ठेवू नका. समोरतीन होडी उनी की शेंदऱ्याकडे. बस!"

तोताराम खूश झाला. त्याने निरोप पाठवला, की एवढी हुशार विहीण पंचक्रोशीत नाही. शेंदऱ्या त्याच्याकडे कोणत्या बाजूला चालतो, हे भिकुबाईने विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बैल गोऱ्हा असताना ज्या बाजूला जुंपला, त्याच बाजूला म्हातारा होतो, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

बुधवारी बन्सीलाल वाणी नावाचे निरीक्षक आले. अंगात बदामी सफारी, बगलेत नियमावली, गळ्यात शिट्टी. नियम पाळला नाही तर पाणीसुद्धा वाहायचं थांबवतील असा चेहरा. भिकुबाईने नियम चौदाप्रमाणे हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब पुढे केली.

साहेबांनी ट्यूबवरचा काळा रंग पाहिला, मग आपल्या सफारीकडे पाहिलं. "ही प्रवाशांसाठी आहे. मी निरीक्षक आहे, प्रवासी नाही."

तोंडी परीक्षा काठावरच झाली. नाना नुसते ओठ हलवत होता आणि उत्तरं मागून येत होती.

"बाई, तुम्ही सांगू नका."

"मी कोठे सांगस साहेब? मी ते मन्हा मनमा म्हनी ऱ्हायनू."

नियम चारप्रमाणे होडीवर मदतनीस लागतो आणि भिकुबाईच मदतनीस होती, त्यामुळे तिला घालवताही येईना. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून पुढची परीक्षा पाण्यावर घ्यायचं ठरवलं.

धरणाच्या दोन फुगवट्यांना जोडणारी एक अरुंद खिंड होती. खाली बुडालेलं करंजखेडं, वर जेमतेम तीन होड्या मावतील एवढं पाणी. साहेबांचा हुकूम असा, की नानाने या तोंडाने आत शिरावं, तोतारामने त्या तोंडाने, दोघांनी शिट्टी द्यावी आणि नियम अकराप्रमाणे एकमेकांजवळून जावं. नीट दिसावं म्हणून साहेब नानाच्या होडीत उभे राहिले. नियम नऊप्रमाणे चालत्या होडीत उभं राहायला मनाई होती. भिकुबाईने तसं सांगूनही पाहिलं.

शिट्ट्या झाल्या. समोरून तोताराम आला, छाती पुढे काढून.

"शेंदऱ्याकडे!" भिकुबाई ओरडली. नानाने होडी उजवीकडे घेतली.

"शेंदऱ्याकडे!" तोतारामही रुबाबात ओरडला आणि त्याने होडी डावीकडे घेतली.

दोन्ही होड्या खिंडीच्या एकाच काठाला लागल्या. भिकुबाई तोतारामवर ओरडली, "याही! शेंदऱ्याकडे ल्या!"

"शेंदऱ्याकडेच लई ऱ्हायनू ना, याहीनबाई!"

ती जितकी ओरडे तितका तोताराम आणखी डावीकडे वळे आणि नाना आणखी उजवीकडे. दोघांनी नियम अगदी मनापासून पाळला. धाडकन आवाज झाला आणि साहेब, शिट्टी आणि नियमावली तिन्ही पाण्यात गेली. परवान्यांचे कागद तेवढे भिकुबाईच्या मांडीवरच्या पिशवीत कोरडे राहिले.

"तुम्हले डोकं शे का?" नाना गरजला. "शेंदऱ्या जेवन्या बाजूले ऱ्हास!"

"मन्हा घर डाव्या बाजूले ऱ्हास!" तोताराम बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली.

नाना थांबला. "बैल कधी बाजू बदलस का? काब्र बदली?"

तोताराम वल्ह्याकडे बघत राहिला. "जेवना डोया गया त्याना. दोन साल व्हई ग्यात. बाभूयना काटा लागना. तो डोया पवऱ्याकडे ऱ्हावो म्हनीसन डावीकडे जुपा."

"आनि मले सांगं नही?"

"कोनता तोंडे सांगतू? तुम्ही 'जपा' म्हनेल व्हतं."

"अहो, मी बुडतोय!" पाण्यातून साहेब ओरडले.

"उभा ऱ्हा साहेब," नाना मागे न बघता म्हणाला. "तठे पार शे."

साहेबांनी पाय खाली टेकले. पाणी छातीपर्यंतच होतं. बुडालेल्या गावचा पार होता तो. एके काळी त्याच ठिकाणी पंच बसून निवाडे देत, आता तिथे साहेब उभे राहिले आणि त्यांनीही निवाडा दिला.

"दोघंही नापास! दोन्ही होड्या आजपासून बंद! आणि आता मला वर घ्या."

नानाने हात पुढे केला. भिकुबाईने तो धरून मागे ओढला.

"थांबा. नियम सात." आणि तिने ओवीच्या चालीवर सुरू केलं, "'विनापरवाना होडीत कोणत्याही इसमास प्रवासी म्हणून घेऊ नये. घेतल्यास नावाडी शिक्षेस पात्र राहील.'"

"मी प्रवासी नाही, मी निरीक्षक आहे!"

"परीक्षा व्हती तोवर निरीक्षक. परीक्षा सरनी. आते तुम्ही इसम."

साहेबांच्या चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं, पण त्यांनाही पुस्तक पाठ होतं. "नियम एकोणतीस! पाण्यात पडलेल्या इसमास मदत करणं बंधनकारक आहे!"

"'बुडत असलेल्या इसमास,'" भिकुबाईने दुरुस्ती केली. "तुम्ही ते उभा शेतस." आणि मदत म्हणून तिने ट्यूब त्यांच्याकडे फेकली. साहेबांनी ती मुकाट्याने गळ्यात घातली. बदामी सफारीचा आता प्रश्न उरला नव्हता.

मग तिचा आवाज उतरला. "साहेब, मन्ही आंडेर, मन्ही पुष्पा, पोटुशी शे. होडी बंद व्हयनी ते मी तिले कशी आनू? त्या खडीवरतीन? तुम्हनी पोर ऱ्हाती ते तुम्ही आनतात का?"

साहेबांनाही लेक होती, बोदवडला दिलेली. त्यांनी नाकातलं पाणी शिंकरलं. "नियम तीस काय आहे?"

"'निरीक्षकास योग्य वाटल्यास फेरपरीक्षा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी घेता येईल,'" भिकुबाई एका दमात म्हणाली.

"मग घ्या होड्या मागे. पण बैलाचं नाव घ्यायचं नाही! जो हात जेवायचा, ती बाजू."

होड्या पुन्हा खिंडीच्या दोन तोंडांना गेल्या. मधोमध पारावर गळ्यात ट्यूब घालून साहेब उभे. शिट्टी तळाला गेली होती म्हणून त्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. ती कला त्यांना येते, हे धुळ्याच्या ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं.

"जेवायचा हात!" साहेब ओरडले.

"जेवना हात!" भिकुबाई त्यांच्या वर ओरडली.

नानाने होडी उजवीकडे घेतली. तोतारामने क्षणभर आपल्या हाताकडे पाहिलं, त्या हाताने घास तोंडात घातल्यासारखं केलं आणि मग होडी उजवीकडे घेतली. साहेबांच्या एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरी, अशा दोन्ही होड्या सुळकन निघून गेल्या. साहेबांना वर घेतलं. त्यांनी ओल्या हातांनी दोन कोरड्या कागदांवर सह्या केल्या आणि काठ येईपर्यंत नियम नऊप्रमाणे खाली बसून राहिले.

शुक्रवारी नाना आणि भिकुबाई पुष्पाला आणायला पलीकडे गेले. पुष्पाची बोचकी बांधून होईपर्यंत नाना तोतारामच्या गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. चार वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता. बघवणार नाही असं त्याला वाटायचं, आणि खरंच बघवलं नाही. शेंदऱ्याच्या उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं.

"मन्हा राजा," नाना हलकेच म्हणाला.

बैलाने कान टवकारले. तोतारामने दावं सोडलं. शेंदऱ्या हुंगत पुढे आला, नानाला वळसा घातला आणि त्याच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला, चांगला डोळा नानाकडे करून.

"दोन साल मी त्याले डावीकडे चालाडस," तोताराम पुटपुटला, "तरी देखा."

नानाने उपरण्याने डोळे पुसले. मागून बोचकं काखेत मारून आलेल्या भिकुबाईने दोन्ही परवानेवाल्यांकडे आळीपाळीने पाहिलं, मग शेंदऱ्याकडे.

"तुम्हना तिघासमा पहिल्या दावमा हाऊ एकलाच पास व्हयना," ती म्हणाली. "चाला आते, पोर उन्हमा उभी शे."