चौकोनी सळई

दुरुस्तीचं कुठलंही काम सांगा, मला येतं! ही बढाई नाही हं. आमच्या घरातल्या वस्तूंनाच विचारा. मिक्सर मी दुरुस्त केला, तेव्हापासून तो जराही आवाज करत नाही. फिरतही नाही, पण तो वेगळा विषय आहे.

त्या दिवशी साडेदहाला बायकोची मुलाखत होती. नऊ वर्षं ती ग्रंथालयात सहायक म्हणून राबत होती आणि आता मुख्य ग्रंथपालाची जागा रिकामी झाली होती. आज हुकली की पुढची वीस वर्षं हुकली! नऊ वाजता ती आवरायला खोलीत गेली, दार लावलं आणि दाराचं हँडल कुरकुरलं.

"अहो, आज त्या हँडलला हात लावू नका!" ती आतून ओरडली. मला पुरती ओळखते.

"पाच मिनिटांचं काम आहे गं!"

कारण मी त्यावरचा व्हिडिओ पाहिला होता. म्हणजे सुरुवात पाहिली होती. पहिल्या अर्ध्या मिनिटातच सगळं कळल्यावर उरलेला कशाला बघायचा?

दोन स्क्रू काढले. बाहेरचं हँडल माझ्या हातात आलं, आतलं आत धाडकन पडलं. त्याबरोबर बोटभर लांबीची एक चौकोनी सळई निघाली. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि ओळखलं, की ही फालतू आहे. कंपन्या अशा वस्तू वजन भरायला घालतात! मी ती खिशात टाकली.

"अहो, दार उघडत नाहीये!"

"उघडेल गं! न उघडून सांगतंय कुणाला?"

मी खांदा लावला. खांदा दुखला. फटीत सुरी घातली. सुरी वाकली. तेवढ्यात आमची आठवीतली लेक तोंडात ब्रश घेऊन आली.

"बाबा, कुलूपवाल्या काकांना फोन लावू?"

"त्याला काय कळतंय? तीस वर्षं एकच काम करतोय तो! मी बघ, किती कामं करतो!"

"तेच म्हणतेय मी," असं काहीसं ती ब्रशमधून पुटपुटली.

दहा वाजले. सव्वादहा वाजले. मी दाराला समजावलं, लाथ मारली, मग पाय धरून बसलो. दाराचे नाही, माझाच.

"अहो..." आतून आवाज आला. त्यात रडू होतं. "नऊ वर्षं हो! नऊ वर्षं वाट पाहिली मी."

खरंच सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचीच लाज वाटली. पण लगेच सावरलो.

"एकच सांगा," ती म्हणाली, "हँडलमधून काही निघालं का?"

"छे! म्हणजे एक फालतू सळई..."

"चौकोनी?"

"हो, पण तिचा काही उपयोग..."

"दाराखालून सरकवा!"

सरकवली. तिने ती भोकात घातली, आतलं हँडल चढवून फिरवलं. खट्ट! चार सेकंदांत दार उघडलं. बायको एक चप्पल पायात, एक हातात अशी माझ्याकडे न बघता बाहेर पडली. सळई मुठीत तशीच!

पंचवीस मिनिटं उशीर झाला. दुपारी ती परत आली ती हसतच.

"मिळाली!"

"आणि उशिराचं काय सांगितलंस?"

"खरं तेच. सळई टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ग्रंथालयाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, आमच्या ह्यांनी रविवारी वॉशिंग मशीनचं असंच केलं. मग विचारलं, तुम्ही बाहेर कशा आलात? तेही सांगितलं. म्हणाल्या, डोकं शांत ठेवणारं माणूस हवंय आम्हाला, पुस्तकांचं बोलू आता."

म्हणजे नोकरी कुणामुळे मिळाली? जाऊ द्या, मोठेपणा मिरवायची सवय नाही मला.

महिन्याभराने ग्रंथालयात चहापान होतं. तिथे अध्यक्षबाईंचे यजमान भेटले. गृहस्थ अर्धा तास मला वॉशिंग मशीन समजावत होते. "आत एक रबरी पट्टा असतो," ते म्हणाले, "अगदी फालतू! मी काढूनच टाकला."

मला हसू आवरेना. पट्ट्यावरच तर मशीन फिरतं! अहो, माणसाला आपल्याला काय येत नाही एवढं तरी कळायला नको? आणि आत्मविश्वास तरी केवढा! मला त्यांची दया आली.

"तुम्ही आता हात लावू नका," मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "रविवारी मी येतो! व्हिडिओ पाहिलाय मी."

मागे बायको आणि अध्यक्षबाई उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"रविवारी तुम्हीही या," अध्यक्षबाई तिला हळूच म्हणाल्या, "आणि ती सळई पर्समध्ये असू द्या!"